आधी गाव, मग नाव

आपले पणजोबा कोणत्या घरात राहत आणि काय करून पोट भरत, हा प्रश्न आता पुष्कळ मराठी घरांत विचारला जातो. दोन पिढ्यांपूर्वी तो विचारावा लागत नव्हता, कारण उत्तर गावातच होते. आता विचारणारा पुण्यात, ठाण्यात किंवा परदेशात असतो आणि गावाशी त्याचे नाते वर्षातून एकदा कुलदैवताला जाण्यापुरते उरलेले असते. असा माणूस शोधाला लागला की त्याची पहिली अपेक्षा जनगणनेकडून असते, आणि ती निराधार नाही. आयर्लंडच्या 1901 आणि 1911 च्या जनगणनेचे घरनिहाय तक्ते आज कोणालाही फुकट वाचता येतात. कुटुंबप्रमुखाचे नाव, बायकोमुलांची वये, प्रत्येकाचा धंदा, घराच्या भिंती कशाच्या आणि दर्शनी खिडक्या किती, हे सारे त्यांत आहे. इंग्लंड आणि वेल्सचे 1921 चे तक्ते शंभर वर्षांची मुदत संपल्यावर जानेवारी 2022 मध्ये खुले झाले. 1901 साली आयर्लंड आणि हिंदुस्थान एकाच साम्राज्यात होते, दोन्हीकडची मोजणी त्याच वर्षी मार्च महिन्यात झाली. तरी आयरिश शेतमजुराचे नाव टिकले आणि इंदापूरच्या कुणब्याचे टिकले नाही. ग्रामीण पूर्वजांचा शोध आपल्याकडे कसा करावा, याचा विचार या फरकापासूनच सुरू करावा लागतो.

आपल्याकडे नाव विचारलेच नव्हते, असे मात्र नाही. मध्य प्रांतात 1866 साली, वऱ्हाडात 1867 साली आणि मुंबई इलाख्यात 1872 साली खानेसुमारी झाली. 17 फेब्रुवारी 1881 रोजी जवळजवळ सगळा देश एकाच रात्री मोजला गेला आणि तेव्हापासून 2011 पर्यंत दर दहा वर्षांनी मोजणीचा क्रम सुरू राहिला. गावात हे काम पाटील, कुलकर्णी, तलाठी आणि शाळामास्तर यांच्याकडे येई. आधी घरांवर अनुक्रमांक घातले जात, मग तक्ता भरला जाई आणि ठरलेल्या रात्री तो पुन्हा तपासला जाई. तक्त्यात नावाचा रकाना होता. घरातल्या बाईचे नाव सांगायला पुरुष तयार नसेल, तर नुसते ‘स्त्री’ लिहिण्याची मुभा होती. पण हे नाव कोणी सुटू नये आणि कोणी दोनदा मोजले जाऊ नये, एवढ्याचपुरते हवे होते. 1901 पासून प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी करून त्या चिठ्ठ्या खणांत वाटण्याची पद्धत आली. चिठ्ठीवर वय, जात, धर्म आणि धंदा पोहोचले की मूळ तक्त्याचे काम संपे. सरकारला बेरजा हव्या होत्या, माणसे नकोत. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या जनगणना कायद्याने पंधराव्या कलमात आणखी एक दार बंद केले : जनगणनेचे कागद कोणाला पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत.

मग जनगणना या शोधात निरुपयोगी आहे काय? बरेच जण इथेच तिचा नाद सोडतात आणि थेट नावाच्या मागे लागतात : तहसील कचेरीतला फेरफार, शाळेचा दाखला, तीर्थोपाध्यायाची वही. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. जुनी जनगणना पूर्वजाचे नाव सांगत नाही, पण दुसऱ्या कागदात सापडलेल्या नावाचा अर्थ तिच्यावाचून लागत नाही. नाव देणारे कागद माणसाला एकटा दाखवतात. जनगणना आणि तिच्याभोवती वाढलेले साहित्य (अहवाल, जिल्ह्यांची गॅझेटिअरे, 1951 पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिका) त्याचे गाव दाखवते. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय त्याच्या घराबद्दल आणि धंद्याबद्दल खात्रीने काही बोलता येत नाही. म्हणून शोधाचा क्रम असा असावा : आधी गाव, मग नाव.

नाव देणारे कागद कोणते आणि ते कशासाठी लिहिले गेले, हे प्रथम पाहू. पेशवाईत कारागीर आणि दुकानदारांवर मोहतर्फा हा कर होता. त्याच्या याद्यांत गावातला तेली, साळी, वाणी नावाने भेटतो, कारण त्याच्याकडून पैसे यायचे होते. इंग्रजी अमलात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1830 च्या दशकात इंदापुरापासून जी जमीनमोजणी सुरू केली, तिने प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर दिला आणि खातेदाराचे नाव त्या नंबराला बांधले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हक्कनोंदणी आली. तिच्यातून फेरफार, वारस नोंदी आणि सातबारा हे आज ओळखीचे असलेले नमुने घडले. गावचा नमुना 14, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म आणि मृत्यू नोंदले गेले. 1874 च्या वतन कायद्याखालच्या कागदांत पाटील-कुलकर्ण्यांपासून महार वतनदारांपर्यंतची नावे आली. म्हणजे नाव लिहिले गेले ते सारा, वारसा, वतन किंवा कज्जा यांपैकी एखाद्या कारणाने. कारण नव्हते तिथे नावही नाही. कागदाचा हेतू ओळखल्याशिवाय त्यातल्या नोंदीवर विश्वास किती ठेवायचा हे ठरवता येत नाही. सातबारावर ज्याचे नाव आहे तो नांगर धरत होता असे नाही, आणि ज्याचे नाव नाही तो गावात नव्हता असेही नाही.

हा फरक प्रत्यक्षात किती मोठा ठरतो, ते इंदापूर-भीमथडीच्या टापूवरून कळते. समजा, या भागातल्या एका कुटुंबाचा पूर्वज पहिल्या मोजणीच्या कागदात खातेदार म्हणून सापडतो, तीस वर्षांची मुदत संपून 1867 च्या सुमारास झालेल्या फेरमोजणीतही त्याच्या मुलाचे नाव आहे, पण 1880 नंतर त्या नंबरावर दुसरेच आडनाव दिसते. नुसता फेरफार वाचणारा वंशज म्हणेल, भावकीने जमीन लाटली किंवा पूर्वज व्यसनी निघाला. घराघरांत अशा कथा सांगितल्याही जातात. गावाचे कागद वेगळी हकीकत सांगतात. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले. फेरमोजणीने सारा वाढवला. मे 1875 मध्ये भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या आणि दख्खनच्या दंग्यांची चौकशी करायला आयोग बसला. लगेच 1876 ते 1878 चा दुष्काळ आला. 1872 आणि 1881 च्या मोजण्या शेजारी ठेवल्या, तर पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली दिसते. 1879 साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा खास कायदा करावा लागला, तो याच परिस्थितीमुळे. एवढे समोर आल्यावर त्या सर्व्हे नंबरावरचे बदललेले नाव एका माणसाचा दोष उरत नाही. त्या दशकात त्या टापूत जे हजारोंचे झाले, तेच त्याचे झाले असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. आकड्याने पुरावा दिला नाही, पण पुरावा कोणत्या दिशेला शोधायचा ते सांगितले : भावकीच्या भांडणात नव्हे, गहाणखतांच्या नोंदणीत.

घराचा शोध याहून अवघड असतो. आपली महसूल व्यवस्था काळीवर, म्हणजे शेतजमिनीवर उभी राहिली. पांढरीवरची, म्हणजे गावठाणातली घरे तिला फारशी महत्त्वाची वाटली नाहीत. पुष्कळ गावठाणांची रीतसर नगरभूमापन मोजणी विसाव्या शतकात फार उशिरा झाली. त्यामुळे पूर्वजांचे शेत नंबरासह सापडते आणि घर मात्र सापडत नाही. इथे जनगणनेतला घरांचा आकडा कामी येतो, पण जपून वापरला तरच. घर कशाला म्हणायचे याची व्याख्या एकच राहिली नाही. कधी स्वतंत्र दरवाजा हे लक्षण मानले गेले, कधी स्वतंत्र चूल. चार भावांनी वाडा न पाडता चुली वेगळ्या केल्या, तर पहिल्या हिशेबाने घर एकच आणि दुसऱ्या हिशेबाने चार. म्हणून घरांची संख्या वाढलेली दिसली की गावात बांधकाम झाले असे समजू नये. वाटण्या झाल्या असतील. वस्तीची रचना मात्र जुन्या वर्णनांतून बरीच उभी करता येते. कुंभारवाडा, चांभारवाडा, महारवाडा कोणत्या बाजूला असे, वेस कुठे, पाणवठा कोणाचा, हे त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गांवगाडा’सारख्या ग्रंथातून आणि हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर व जातेगाव बुद्रुक या गावांच्या केलेल्या पाहण्यांतून समजते. त्या दोन पाहण्या 1917 आणि 1921 साली प्रसिद्ध झाल्या. एकेका शेताचे किती तुकडे झाले आणि कर्ज कोणावर किती, इतक्या खोलात त्या गेल्या. आपले गाव त्यांत नसले, तरी शेजारच्या दशकातले आणि शेजारच्या तालुक्यातले गाव असणे हेही थोडे नाही.

धंद्याच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक जात आणि काम एकच मानल्याने होते. आडनाव सुतार म्हणजे आजोबा वासला चालवत, हे अनुमान सोपे आहे आणि पुष्कळदा खोटे. बलुतेदार घरात चार भाऊ असत आणि गावाचे काम एकाला पुरेल एवढेच असे. बाकीचे शेती करत, मजुरी करत किंवा मुंबई गाठत. वतनाची जमीन असलेला गुरव देवळापेक्षा शेतात जास्त वेळ घालवत असे. हातमागाचे साळी-कोष्टी गिरणीच्या कापडापुढे मागे हटले. त्यांतले काही सोलापूर, येवल्यात मागाला चिकटून राहिले, तर काही गिरणीतच मजूर झाले. जनगणनेने मुख्य धंदा आणि जोडधंदा वेगळे विचारायला सुरुवात केली, त्यामुळे जात एक आणि काम दुसरे अशा लोकांची संख्या अहवालांत दिसू लागली. आपल्या तालुक्यातल्या तेल्यांपैकी किती जण तेलाच्या घाण्यावर होते आणि किती शेतात, हे कळले म्हणजे आपला तेली पूर्वज घाण्यावर असण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधता येतो. शेवटचा निर्णय नावाच्या कागदानेच होईल, पण अंदाज न बांधता कागद उघडणारा माणूस त्यात आधीच ठरवलेली गोष्टच वाचतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, ही जनगणना परक्या सरकारची, तिच्या चौकटीही परक्याच. तिने जातींच्या याद्या करून जाती घट्ट केल्या. मग तिच्यावर भिस्त कशी ठेवायची? आक्षेपात तथ्य आहे. दख्खनमध्ये सुरुवातीच्या मोजण्यांत जे मोठ्या संख्येने कुणबी म्हणून नोंदले गेले, तेच किंवा त्यांची मुले पुढच्या मोजण्यांत मराठा म्हणून आली. मधल्या काळात सत्यशोधक चळवळ झाली, कोल्हापुरात वेदोक्ताचे प्रकरण गाजले, आणि लोकांनी स्वतःला काय म्हणवून घ्यायचे याचा विचार केला. वयांचेही तसेच. शून्य आणि पाच या आकड्यांनी संपणाऱ्या वयांची इतकी गर्दी होई की, जनगणना अधिकाऱ्यांनीच अहवालांत तिच्याबद्दल तक्रार केली आहे. पण या दोषांमुळे साधन टाकाऊ ठरत नाही. उलट हे दोष सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत, कारण बेन्स, एन्थोव्हेन यांच्यासारखे अधीक्षक आकड्यांबरोबर आपल्या शंकाही छापत गेले. कुटुंबात तोंडी चालत आलेल्या हकिकतीला असा शंकांचा रकाना नसतो. शिवाय कुणबी नोंद आणि मराठा नोंद यांतला फरक चूक म्हणून खोडण्यापेक्षा त्या घराण्याच्या इतिहासातली घटना म्हणून वाचला, तर जास्त काही हाती लागते. 1881 आणि 1911 च्या मधे त्या लोकांना आपली ओळख बदलावीशी वाटली, हीच मोठी माहिती आहे.

दुसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो. आपल्याकडे वंशावळी आहेत, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, दक्षिण महाराष्ट्रात घराण्यांची कुळी सांगत फिरणारे हेळवी आहेत. सरकारी आकड्यांची गरज काय? या साधनांचे मोल मी कमी मानत नाही. पाच-सहा पिढ्यांची नावे सलग मिळण्याची शक्यता कित्येकदा इथेच असते. पण त्यांचा हेतू वेगळा आहे. तीर्थोपाध्यायाला यजमान कोणाचा मुलगा आणि कुठल्या गावचा, एवढे हवे असते. तो मातीच्या घरात राहत होता की माडीत, कूळ होता की मिरासदार, दुष्काळात गाव सोडून गेला की टिकला, याच्याशी वहीला कर्तव्य नसते. वंशावळ तर बहुधा हक्क सांगण्यासाठी लिहिलेली असते. त्यामुळे तिच्यात निपुत्रिक भाऊ, परागंदा झालेला चुलता आणि सगळ्या मुली गळतात. मिरासी जमिनीची जुनी थळे आपल्या मूळ घराण्यांची नावे मिरवत राहिली आणि घराणे बुडाल्यावर ती गतकुळी म्हणून नोंदली गेली. वंशावळीत नसलेली माणसे अशा ठिकाणी भेटतात. परंपरेची साधने वंश सांगतात, गावाचे कागद जगणे सांगतात.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याचे पूर्ण समाधान होत नाही. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, वतन नव्हते, त्यांचे काय? भूमिहीन मजूर, भटक्या जमाती, डोंगरातले आदिवासी आणि सर्व जातींच्या स्त्रिया या कागदांत फार पुसट आहेत. स्त्री भेटते ती ‘सखू कोम लक्ष्मण’ अशी नवऱ्याला जोडून, आणि पुष्कळदा विधवा झाल्यावरच, कारण तेव्हा खाते तिच्या नावावर येते. तिचे शेतातले काम जनगणनेत कधी काम म्हणून मोजले गेले, कधी तिला नुसती अवलंबित ठरवले गेले. तरीही या लोकांच्या बाबतीत जनगणनेचे महत्त्व कमी न होता वाढते. ज्याचे नाव कुठेच नाही, त्याचे अस्तित्व निदान बेरजेत आहे. तालुक्यात शेतमजूर किती, बायका किती, परजिल्ह्यात जन्मलेले किती, हे तिथेच कळते. मुंबई शहराच्या मोजण्यांतले जन्मस्थळाचे तक्ते पाहिले, तर रत्नागिरी जिल्ह्याने शहराला किती माणसे पुरवली ते दिसते. 1864 मध्ये 8,16,562 असलेली मुंबईची लोकसंख्या 1872 मध्ये 6,44,405 वर आली. कापसाची तेजी ओसरल्यावर ज्यांना शहर सोडावे लागले, त्यांतल्या कित्येकांचे रस्ते कोकणातल्या आणि घाटावरच्या खेड्यांकडेच परत वळले असणार. याउलट मॉरिशसला करारावर गेलेल्या मराठी मजुराची नोंद मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहे. त्यात गाव, जिल्हा, जात, जहाज असा तपशील मिळतो आणि पुढच्या काळातल्या कित्येकांचे छायाचित्रही. जो गरीब गाव सोडून गेला त्याचे नाव टिकले, जो गावात राहिला त्याचे पुसले गेले. ही विषमता मान्य करूनच शोध करावा लागतो आणि जिथे नाव मिळणार नाही, तिथे समूहाचा इतिहास हाच पूर्वजाचा इतिहास म्हणून स्वीकारावा लागतो.

चौथी गोष्ट आक्षेपापेक्षा इशारा आहे. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातले, पुढे सगळ्या राज्यातले अभिलेख कक्ष उघडले गेले. मोडीत आणि उर्दूत लिहिलेली, वर्षानुवर्षे कोणी न सोडलेली दप्तरे बाहेर आली, हा समाजाचा मोठा लाभ आहे. त्या निमित्ताने नागरिकांचे 1951 चे राष्ट्रीय रजिस्टरही लोकांना माहीत झाले. 1951 च्या मोजणीच्या चिठ्ठ्यांवरून ते गाववार, घरवार उतरवून काढले होते आणि जनगणनेतून नावानिशी उरलेला तो जवळजवळ एकमेव कागद आहे. पण त्या शोधात डोळा एकाच रकान्यावर होता. जात मिळाली की पान उलटले जाई. त्याच ओळीत घराचा क्रमांक, वय, नाते आणि उपजीविका असेल, तर तेही उतरवून घ्यावे. दाखल्यासाठी एक शब्द पुरतो. पूर्वज समजण्यासाठी संपूर्ण ओळ लागते, आणि तिच्या वरची-खालची घरेही लागतात.

वाचकाने कामाला लागताना काही पथ्ये पाळावीत. आपले गाव त्या काळी कोणत्या तालुक्यात, जिल्ह्यात आणि कोणाच्या राज्यात होते, हे सर्वांत आधी ठरवावे. लातूरकराला 1982 पूर्वीचे कागद तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आणि 1948 पूर्वीचे निजामाच्या हैदराबाद राज्यात शोधावे लागतील. सिंधुदुर्गवाल्याला रत्नागिरी किंवा सावंतवाडी संस्थान पाहावे लागेल. फलटण, औंध, भोर, जत ही गावे इंग्रजी जिल्ह्यांत नव्हती. गोव्यातल्या कुटुंबाचा माग चर्चची बाप्तिस्मा पुस्तके आणि गावकारीचे कागद यांतून काढावा लागतो. मुळशी, कोयना, उजनी यांच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचे नाव आजच्या यादीत मिळणारच नाही, म्हणून धरणापूर्वीच्या मोजणीची यादी हाताशी ठेवावी. कागदावरचा शक शालिवाहन असेल तर 78, फसली असेल तर 590 आणि सुहूर असेल तर 599 मिळवून इसवी सन साधारणपणे मिळतो. मोडी वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याची मदत घ्यावी, पण त्याच्याकडून फक्त आपले नाव काढून घेऊ नये, सबंध पान लिप्यंतर करून घ्यावे.

आणि एक मागणी सर्वांनी मिळून करावी. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 अशी जाहीर झाली आहे आणि ही मोजणी डिजिटल होणार आहे. कागद कुठे ठेवायचे, ही जुनी अडचण आता उरलेली नाही. जिवंत माणसाची माहिती गुप्त राहिलीच पाहिजे, पण शंभर वर्षांनंतर ती अभ्यासकांना आणि वंशजांना खुली व्हावी, अशी तरतूद कायद्यात करता येते. इतर देशांनी ती केली आहे. आपल्या पणज्यांची नावे बेरीज झाल्यावर टाकून दिली गेली, तो निर्णय परक्या सरकारचा होता. आपल्या पणतवंडांसाठी आपली नावे ठेवायची की नाही, हे ठरवणे आपल्याच सरकारच्या हाती आहे, आणि त्याला ते ठरवायला लावणे आपल्या.